परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती: शोधायची कुठे आणि कशी?

अवनी_क
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

पर्यावरणशास्त्रात पदवी झाली आहे आणि गेली अडीच वर्षं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतेय. आता परदेशात मास्टर्स करायचं मनात आहे, विषय पाण्याचं व्यवस्थापन किंवा त्याच्या आसपासचा. मार्क चांगले आहेत, पण पहिल्या पाचात वगैरे कधी नव्हते. घरून थोडीफार मदत होईल, सगळा खर्च झेपणार नाही. तारण ठेवण्यासारखं काही नाही.

'टॉप पन्नास शिष्यवृत्त्या' छापाच्या याद्या वाचून वाचून डोकं बधिर झालंय. निम्म्यांची मुदत उलटून गेलेली, उरलेल्या भलत्याच देशांच्या नागरिकांसाठी. एक्सेलमध्ये नावं भरत बसलेय आणि ती शीट नुसती फुगत चाललीय. तर प्रश्न असे: आधी विद्यापीठ शोधायचं की आधी शिष्यवृत्ती? टॉपर नसलेल्यांना खरंच पैसे मिळतात का? आणि कामाला कधी लागायचं?

खडूसकाका
कोर्स आधी. हो, मिळतात. तिसऱ्याचं उत्तर: काल.

याद्यांच्या साइट जाहिरातींवर चालतात, तू पानावर किती वेळ रेंगाळतेस याच्याशी त्यांना मतलब. नागरिकत्व, वय, पदवीचं वर्ष आणि कामाचा अनुभव, या चार चाळण्या लावून बघ. तुझी शीट एका संध्याकाळीत पाच-सहा ओळींवर येईल.

पाऊलवाट
काकांशी सहमत. चाळणी लावून झाली की शीट उलटी कर: पहिला रकाना शिष्यवृत्तीच्या नावाचा नको, कोर्सच्या नावाचा हवा. त्याच्यापुढे 'या कोर्सला येणाऱ्यांना पैसे कोण देतं' हा रकाना.

याला कारण आहे. सरकारी योजना सगळ्यांना तोंडपाठ असतात: ब्रिटनची चीव्हनिंग, जर्मनीची डाड (DAAD), जपानची मेक्स्ट (MEXT), अमेरिकेची फुलब्राइट. पण विद्यापीठं आणि त्यांचे विभाग स्वतःच्या तिजोरीतून जे देतात ते कुठल्याच यादीत नीट दिसत नाही. ते कोर्सच्या पानावर, फीच्या तक्त्याखाली कुठेतरी दोन ओळींत असतं. काही वेळा तेही नसतं आणि प्रवेश कार्यालयाला ईमेल करूनच कळतं. 'तुमच्याकडे मागच्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांना कोणतं अर्थसाहाय्य मिळालं?' असं सरळ विचारावं. बरेच जण उत्तर देतात.

दुसरं, अर्ज नेमका कोणाकडे करायचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि माणसं तिथेच गळतात. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडनसाठी वेगळा अर्जच नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या मुदतीत प्रवेशाचा अर्ज पोचला की आपोआप विचार होतो. त्यानंतर आलेल्या अर्जाला प्रवेश मिळेल एक वेळ, ही शिष्यवृत्ती नाही. केंब्रिजची गेट्स प्रवेशाच्याच अर्जातून मागायची असते. फ्रान्सची एफेल तर तुम्ही स्वतः मागूच शकत नाही. तिथली संस्था तुमचं नाव पुढे पाठवते, त्यामुळे संस्थेची आतली मुदत योजनेच्या जाहीर मुदतीच्या आधीच संपलेली असते. चीव्हनिंगमध्ये शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि विद्यापीठांचे वेगळे, दोन्ही आपणच सांभाळायचे. हे एकाही 'टॉप पन्नास'मध्ये लिहिलेलं नसतं.

आता तुझ्यापुरतं. अडीच वर्षांचा अनुभव हे तुझं हुकमाचं पान आहे, मार्क नव्हे. डाडचा 'ईपॉस' (EPOS) म्हणून एक कार्यक्रम आहे: विकसनशील देशांतले पदवीधर, निदान दोन वर्षं काम केलेले, पदवी घेऊन सहा वर्षांच्या वर झालेली नसावीत. ठरावीक कोर्सची यादी निघते आणि तिच्यात पाणी, पर्यावरण, शहर नियोजन हे विषय भरपूर असतात. अर्ज थेट त्या त्या कोर्सकडे जातो, प्रत्येकाची मुदत निराळी, आणि पुष्कळ मुदती कोर्स सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी संपतात. काका 'काल' म्हणाले ते यासाठी.

मग युरोपियन युनियनची इरास्मस मुंडुस. २००४ पासून चालू आहे. अनेक देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेलं एक मास्टर्स, त्यातल्या निदान दोन देशांत राहून शिकायचं. शिष्यवृत्ती मिळाली तर फी भरायची नाही, वर महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. विमानाचं तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट, सगळं त्याच १४०० मधून, वेगळे पैसे देत नाहीत. या कोर्सची अधिकृत सूची युरोपियन युनियनच्या साइटवर आहे, ती उघड आणि 'पाणी' शोध. बहुतेकांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. निकालात एक मुख्य यादी लागते आणि एक राखीव. राखीव यादीत नाव आलं म्हणून रडत बसू नये, वरचे लोक दुसरीकडे जातात आणि यादी सरकते.

चीव्हनिंगच्या अटींतही तू बसतेस. १९८३ पासूनची योजना, एक वर्षाचं मास्टर्स, कामाचा अनुभव किमान २८०० तास. तीन कोर्स निवडायचे आणि संपल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी राहायचं.

अवनी_क
पाऊलवाटताई, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतेय. क्लॅरेंडनचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी त्यासाठीचा फॉर्म शोधत होते!

स्पष्टवक्ता
सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून मुद्दाम लिहितो. सरकारं पैसे प्रेमापोटी देत नाहीत. १९४६ साली फुलब्राइट सुरू झाली तेव्हापासून आजतागायत या योजना म्हणजे परराष्ट्र धोरणच आहेत. फुलब्राइटवर जे१ (देवाणघेवाण कार्यक्रमांचा) व्हिसाने गेलात की दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पूर्ण होईपर्यंत अमेरिकेचा एच१बी नाही आणि ग्रीन कार्डही नाही. सवलत मागता येते, पण सहजी मिळत नाही. तिथे नोकरी करून कर्ज फेडायचा बेत असेल तर ही शिष्यवृत्ती तुमच्या बेताला आडवी येते. सही करण्यापूर्वी वाचा.

निबंधग्रस्त
मुद्दा बरोबर, सूर जरा जास्त. पूर्ण खर्च देणाऱ्या योजनेत कर्जच नसतं, मग फेडायचं काय? परत यायची अट अवनीला अडचणीची आहे की नाही हे तिने ठरवायचं. इरास्मस मुंडुसला तशी अट नाही. ज्यांना नक्की परतायचंच आहे त्यांना तर ही अट म्हणजे फायदा. 'परत जाऊन काय करणार' या प्रश्नाला त्यांच्याकडे खरं उत्तर असतं, बाकीच्यांना ते रचावं लागतं आणि मुलाखतीत ते कळतं.

बारीक अटी मात्र सगळ्यांनीच वाचाव्यात. इरास्मस मुंडुस एकदा मिळाली की पुन्हा दुसऱ्या कोर्ससाठी मिळत नाही, आणि त्याच शिक्षणासाठी युरोपियन युनियनची आणखी एखादी शिष्यवृत्ती सोबत घेता येत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेल्याला बारा महिन्यांच्या आत पुन्हा तिथल्या व्हिसाचा अर्ज करायचा असेल तर पैसे देणाऱ्याचं लेखी संमतीपत्र लागतं. असल्या गोष्टी ऐन वेळी समोर येतात.

गणिती
माझा आवडता विषय. 'शिष्यवृत्ती मिळाली' हे वाक्य मी हिशोबात धरत नाही. खिशातून एकूण किती जाणार, तेवढंच बोला.

समजा एका विद्यापीठाची फी वर्षाला २०,००० युरो, त्यांनी ५,००० ची शिष्यवृत्ती दिली, राहण्याखाण्याचे १२,०००. म्हणजे २७,००० तुमचे. दुसरीकडे शिष्यवृत्ती शून्य, फीही शून्य, राहण्याचे तेच १२,०००. पहिल्या मुलाचं अभिनंदन होतं, पेढे वाटले जातात. दुसरा १५,००० नी पुढे असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. नेदरलँड्सची 'एनएल स्कॉलरशिप' म्हणजे नेमके ५,००० युरो, तेही एकदाच, पहिल्या वर्षी. वाईट नाही, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये.

फी नसलेलं ठिकाण म्हणजे मुख्यतः जर्मनीतली सरकारी विद्यापीठं. दर सेमिस्टरला थोडं शुल्क असतं, बस. त्यालाही अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपियन युनियनबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली. जुने ब्लॉग वाचून 'स्कँडिनेव्हियात फुकट' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ पासून बाहेरच्यांना फी लावली आहे.

फी नाही म्हणजे पैसे लागत नाहीत असंही नाही. जर्मन व्हिसासाठी वर्षाचा खर्च 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये आधीच भरून दाखवावा लागतो, सध्या ११,९०४ युरो. ते पैसे तुमचेच, दर महिन्याला ९९२ परत हातात येतात, पण सुरुवातीला एकरकमी उभे करावे लागतात. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर हे करावं लागत नाही.

सायली_द
गणिती, तुमच्या हिशोबात इटली राहिली, आणि अवनीसारख्यांसाठी तीच सगळ्यात जास्त कामाची आहे. सध्या इथेच शिकतेय म्हणून तपशिलात लिहिते.

इटलीत बहुतेक प्रांतांची स्वतःची विद्यार्थी-साहाय्य संस्था असते. पिएमोंतेत एदिसू, लाझिओत लाझिओडिस्को, एमिलिया-रोमान्यात एर-गो. त्यांची शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर ठरते. पहिल्या वर्षी मार्कांची स्पर्धा जवळजवळ नसतेच, आणि युरोपबाहेरच्यांनाही ती मिळते. रोख रक्कम, विद्यापीठाची फी माफ, मेसमध्ये जेवण, वसतिगृहात जागा मिळण्याची शक्यता. हे विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या पानावर बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण देणारी संस्था वेगळी.

त्रास कागदपत्रांचा. कुटुंबातल्या सगळ्यांचं उत्पन्न, बँकेतल्या शिल्लकी, घर-जमीन, सगळ्याचे दाखले, त्यांचं इटालियन भाषांतर, त्यावर वकिलातीचा किंवा अपोस्टीलचा (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारतात तो) शिक्का. त्यावरून 'इझेए पारिफिकातो' नावाचा आकडा निघतो. तो प्रांताने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असला की तुम्ही पात्र. गंमत म्हणजे हा अर्ज बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात करायचा असतो, व्हिसा हातात यायच्या आधी. 'आधी पोचू, मग बघू' म्हणणाऱ्यांची मुदत विमानात बसण्यापूर्वीच गेलेली असते. दाखले मार्च-एप्रिलमध्येच जमवायला घ्या.

आणखी एक. पैसे हप्त्यांत येतात. पहिला हप्ता यायला डिसेंबर उजाडतो, म्हणजे सुरुवातीचे तीन-चार महिने स्वतःच्या पैशांवर काढायचे. पुढचा हप्ता ठरलेली क्रेडिट्स वेळेत मिळवली तरच, आणि फारच कमी मिळाली तर दिलेले पैसेही परत मागतात. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन परीक्षा पुढे ढकलून मोकळा झाला होता, त्याला हे पत्र आलं तेव्हा कळलं.

गणिती
सायलीताई, ही माहिती सोन्यासारखी आहे. माझ्या तक्त्यात आजच घालतो. वाचनखूण साठवली.

शिरीषची आई
धागा मास्टर्सचा आहे हे माहीत आहे, तरी विचारते. माझा मुलगा बारावीत आहे, त्याला पदवीसाठीच अमेरिकेला जायचंय. तिथे पदवीला परदेशी मुलांना काहीच मिळत नाही असं एका सल्लागाराने सांगितलं. खरं आहे का?

मध्यरात्र
ताई, अर्धं खरं. अमेरिकी सरकारची मदत, म्हणजे फाफ्साचा फॉर्म भरून मिळते ती, परदेशी मुलांना नसते. पण कॉलेजं स्वतः देतात, आणि काही तर चक्रावून टाकण्याइतकं देतात.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही 'नीड-ब्लाइंड' आहेत. म्हणजे प्रवेश देताना तुमची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की कुटुंबाला न झेपणारी सगळी रक्कम स्वतः भरतात. अर्थात तिथे प्रवेश मिळणंच महाकठीण. बाकीची बरीचशी चांगली कॉलेजं 'नीड-अवेअर': पैसे देतात, पण जितके जास्त मागाल तितकी निवड अवघड. म्हणून अर्ज करताना कुटुंब खरोखर किती देऊ शकेल तो आकडा प्रामाणिकपणे काढा. कमी मागून प्रवेश मिळवला आणि दुसऱ्या वर्षी हात वर केले, असं चालत नाही. परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नसेल तर पुढे ती देतच नाहीत अशी कॉलेजं आहेत.

उत्पन्नाची माहिती बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' या फॉर्मवर द्यावी लागते. त्याला शुल्क आहे. काही कॉलेजं माफीचा कोड देतात किंवा त्याऐवजी स्वतःचा साधा फॉर्म घेतात. ईमेल करून विचारा, संकोच नको.

केंटकीतलं बेरिया कॉलेज मुद्दाम बघा. तिथे शिक्षण शुल्क घेतच नाहीत, सगळे विद्यार्थी कॅम्पसवर काम करतात. परदेशी मुलं अगदी थोडी घेतात. आणि कॅनडा चालणार असेल तर टोरंटो विद्यापीठाची लेस्टर पीअरसन शिष्यवृत्ती: चार वर्षांचा सगळा खर्च, पण मुलाचं नाव शाळेनेच सुचवावं लागतं. म्हणजे मुख्याध्यापकांशी आत्ताच बोला, त्यांनी हे नाव ऐकलेलंही नसेल.

शिरीषची आई
मनापासून आभार. सल्लागाराने जी चार कॉलेजं दिली होती त्यांतल्या एकाचंही नाव तुमच्या यादीत नाही.

स्पष्टवक्ता
कारण त्या चारांकडून त्याला कमिशन मिळत असणार. सगळे तसे नसतात, पण 'तुम्हाला विद्यापीठाकडून पैसे मिळतात का?' हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा. चिडला तर उत्तर मिळालं समजा.

ओघात सांगतो, शिष्यवृत्ती 'मंजूर' झाली आहे, 'प्रोसेसिंग'चे पैसे भरा, असा ईमेल आला की तो थेट कचऱ्यात. माझ्या भाच्याला असं एक पत्र आलं होतं, सोनेरी शिक्का वगैरे मारलेलं, आणि गंमत म्हणजे त्याने कुठे अर्जच केला नव्हता. विद्यापीठाची अर्ज-फी किंवा परीक्षेची फी वेगळी, ती खरीच असते. जर्मनीच्या कित्येक विद्यापीठांचे अर्ज ज्या 'युनि-असिस्ट'मार्फत जातात तेही पहिल्या अर्जाचे ७५ आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो घेतात. पण बक्षीस मिळवण्यासाठी पैसे द्या, असं कुठलीही खरी योजना म्हणत नाही.

निबंधग्रस्त
ज्यांना पुढेमागे संशोधन करायचंय त्यांच्यासाठी. पीएचडीला 'शिष्यवृत्ती' शोधत बसू नका, नोकरी शोधा. जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, नॉर्वे, स्वीडन इथे पीएचडीची जागा बहुतेक वेळा पगारी पद असते आणि तिची जाहिरात निघते. युरॅक्सेसच्या साइटवर, नेदरलँड्ससाठी अ‍ॅकॅडेमिक ट्रान्सफरवर, नॉर्वेसाठी जॉबनॉर्गेवर. युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा तर उत्तम पगाराच्या. फक्त ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं लागतं. म्हणजे एखाद्या देशात मास्टर्स केलं की तिथलीच अशी जागा हातची जाते, हे आधी लक्षात ठेवा. न्यूझीलंडमध्ये परदेशी पीएचडीवाल्यांना तिथल्या नागरिकांइतकीच फी पडते.

अमेरिकेत टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवायला किंवा संशोधनाला मदत करायची, बदल्यात फी माफ आणि विद्यावेतन. ऑफरचं पत्र नीट वाचा, त्यात खरी मेख असते. फी माफ म्हणतात ती 'ट्यूशन'. त्याखेरीज 'फीज' नावाखाली वेगळी रक्कम असते, ती माफ आहे का? विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बारा? उन्हाळ्यात काय खायचं? आरोग्य विमा त्यात धरला आहे का? किती वर्षांची हमी? पत्रात नसेल ते ईमेलने लेखी मागा. आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट: 'दोन आठवड्यांत हो म्हणा' असा दबाव आला तर कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेचा १५ एप्रिलचा ठराव वाचा. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी अर्थसाहाय्याच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही असं ठरलेलं आहे. यादी त्यांच्या साइटवर आहे.

खडूसकाका
मूळ प्रश्न राहिला बाजूला. अवनी, अर्जाचं पत्र लिहायला घेतलंस का? त्याचा पहिला परिच्छेद इथे टाक. आम्ही सोलून काढतो.

अवनी_क
भीत भीत टाकतेय:

'लहानपणापासूनच मला निसर्गाची आणि पाण्याची ओढ आहे. पाणी हेच जीवन आहे. आज संपूर्ण जगाला जलसंकट भेडसावत असताना या क्षेत्रात योगदान देण्याची माझी तीव्र इच्छा आहे.'

खडूसकाका
असा परिच्छेद त्यांच्याकडे पोतंभर येतो. तू रोज कामावर जाऊन नेमकं काय करतेस ते सांग. पाणी हेच जीवन हे त्यांना माहीत आहे.

अवनी_क
विहिरींचे आणि बोअरचे नमुने येतात, त्यांत नायट्रेट, फ्लोराइड, क्षार वगैरे मोजते. अहवाल छापून देते. संपलं. काही गावांच्या विहिरींत पावसाळ्यानंतर नायट्रेट दर वर्षी वर जातं, जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या पुढे. आम्ही 'पिण्यास अयोग्य' शिक्का मारतो आणि कागद परत पाठवतो. पुढच्या वर्षी त्याच विहिरीचा नमुना परत येतो. मी एकदा जुने अहवाल काढून त्याच विहिरींचे आकडे एकाखाली एक मांडून बघितले होते, नुसतं कुतूहल म्हणून.

पाऊलवाट
अगं, हाच तर तुझा परिच्छेद! 'आम्ही अयोग्य असा शिक्का मारतो आणि पुढच्या वर्षी त्याच विहिरीचा नमुना परत येतो.' इथून सुरुवात कर. मग ते आकडे एकाखाली एक मांडलेस ते. मग मोजता येतं पण विहिरीभोवतीच्या शेतीचं, खतांचं, भूजलाचं काय करायचं ते येत नाही, आणि त्या कोर्समधले अमुक अमुक विषय ते शिकवतात, एवढं. निसर्गाची ओढ पूर्ण काढून टाक. चीव्हनिंगच्या नेतृत्वाच्या निबंधातही हेच कामाला येईल: कोणी सांगितलेलं नसताना तू जुने अहवाल काढलेस.

मात्र आता त्या आकड्यांचं पुढे काहीतरी कर. तुझ्या साहेबांना दाखव, त्या गावांना कळव, परवानगी मिळाली तर एक छोटा लेख लिही. अर्जाला अजून अवकाश आहे तोवर.

गणिती
आणि हा विषय रोटरीच्या ग्लोबल ग्रँटमध्ये चपखल बसतो. पाणी, स्वच्छता आणि आरोग्यशिक्षण हे त्यांच्या ठरलेल्या कार्यक्षेत्रांपैकी एक आहे, आणि अनुदान किमान ३०,००० डॉलर. अर्ज ऑनलाइन एकट्याने करायचा नसतो, एखाद्या क्लबने तुमच्यासाठी तो पुढे न्यायचा असतो. क्लबची बैठक गाठून समोरासमोर बोलावं लागतं, म्हणून गर्दी कमी. घरात कोणी रोटरीचं सदस्य असेल तर मात्र अपात्र.

अवनी_क
अंगावर काटा आला हो वाचून. मला ते काम कधी सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. ईपॉसचे दोन कोर्स आणि इरास्मसचे तीन सापडलेत, शीट आता एका पानावर मावते. एवढं करून सगळीकडून नकार आला तर कर्ज हाच मार्ग ना?

गणिती
कर्जाआधी दोन गोष्टी. एक, वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करणं हा खर्चाच्या दृष्टीने कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग आहे, आणि दुसऱ्या खेपेला निवडले जाणारे पुष्कळ असतात. दोन, पोचल्यावरही पैसे मिळतात. जर्मनीत 'डॉइचलांडस्टिपेंडियम' म्हणून महिन्याला ३०० युरो असतात, अर्धे सरकारचे, अर्धे खाजगी देणगीदाराचे. नागरिकत्वाची अट नाही, विद्यापीठातूनच अर्ज.

तरी कर्ज घ्यायचंच झालं तर, विनातारण कर्ज देणारे भावी कमाई बघून देतात आणि व्याज चढं लावतात. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं, हे विचारून घे. परकीय चलनातलं कर्ज घेऊन मायदेशी चलनात कमावणार असशील तर विनिमय दराची जोखीम तुझी.

अवनी_क
समजलं. शेवटची अडचण, शिफारसपत्र. आमचे प्रयोगशाळाप्रमुख भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' काय करू? कॉलेजच्या सरांना तर मी आता आठवत असेन की नाही शंका आहे.

पाऊलवाट
स्वतः लिहू नकोस. तुझ्या पत्राची आणि त्या पत्राची भाषा एकच निघाली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी पत्र मागतच नाहीत. त्यांच्या कार्यालयीन ईमेलवर दुवा जातो आणि त्यांनीच भरायचा असतो, तेव्हा तो ईमेल चालू आहे ना ते आत्ताच बघ. त्यांना एक पानाचं टिपण दे: कधीपासून काम करतेस, कुठली उपकरणं हाताळतेस, त्या विहिरींच्या आकड्यांचं काय केलंस, कोणत्या कोर्सला अर्ज आहे आणि मुदत कधी. इंग्रजीची अडचण असेल तर त्यांनी मराठीत बोलावं, कार्यालयातल्या कोणीतरी टंकावं, मजकूर त्यांचा असला म्हणजे झालं.

कॉलेजच्या सरांना प्रकल्पाची जुनी प्रत आणि गुणपत्रिका घेऊन प्रत्यक्ष भेट. चेहरा विसरले असतील, प्रकल्प आठवतो. आणि मुदतीच्या तीन आठवडे आधी दोघांनाही एकदा नम्र आठवण कर.

खडूसकाका
दोनदा.